फ्रान्सच्या खेड्यांमधले निवांत सायकल-रस्ते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टूर द फ्रान्समुळे आल्प्स आणि पिरेनीजमधले नामांकित घाट सगळ्यांना पाठ आहेत. ही प्रश्नोत्तरे त्या घाटांबद्दल नाहीत. अर्ध्या तासात पोस्टाची एक पिवळी गाडी, एखादा ट्रॅक्टर आणि बाकी नुसती शेते, अशा रस्त्यांबद्दल आहेत. मी तुलूझला राहतो, त्यामुळे नैऋत्य फ्रान्सला झुकते माप मिळाले आहे. तेवढे सांभाळून घ्या.

‘शांत रस्ते’ म्हणजे नेमके कोणते? त्यांची यादी मिळेल का?

यादी मिळते, पण तिचा उपयोग कमी. एखादा रस्ता ‘शांत’ म्हणून प्रसिद्ध झाला की ऑगस्टमध्ये तिथे मोटारहोमची रांग लागते. त्यापेक्षा रस्त्यांची उतरंड समजून घ्या. ‘ए’ म्हणजे महामार्ग, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय रस्ता. बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, पण मजा नसते. ‘डी’ म्हणजे देपार्तमाँचा, साधारण जिल्ह्याचा रस्ता. त्याच्याही खाली गावाचा, म्हणजे कम्यूनचा रस्ता. आपल्याला हवे ते सगळे ‘डी’ आणि कम्यूनच्या रस्त्यांत आहे. कडेचे मैलाचे दगडही हेच सांगतात. दगडाची टोपी लाल असेल तर राष्ट्रीय रस्ता, पिवळी असेल तर जिल्ह्याचा.

एवढे बारीक रस्ते, आणि सगळे डांबरी? हे आले कुठून?

१८३६ साली फ्रान्समध्ये एक कायदा झाला आणि गावागावांना जोडणारे रस्ते राखणे ही कम्यूनची सक्तीची जबाबदारी ठरली. कम्यून आजही सुमारे ३५ हजार आहेत. पुढे माणसे शहरांकडे गेली, घाईची वाहने महामार्गांवर गेली, रस्ते मात्र जागेवरच राहिले आणि यथावकाश डांबरी झाले. देशातल्या १० लाखांहून अधिक किलोमीटर रस्त्यांपैकी महामार्ग आणि राष्ट्रीय रस्ते मिळून जेमतेम २ टक्के भरतात, आणि लांब पल्ल्याची बरीचशी वाहने त्याच २ टक्क्यांवर धावतात.

नकाशावर चांगला रस्ता ओळखायचा कसा?

कागदी नकाशा अजूनही उत्तम. मिशेलिनचा १:१,५०,००० प्रमाणाचा जिल्हावार नकाशा घ्या. लाल रेघ टाळायची. पिवळी रेघ वेळ आणि जागा बघून वापरायची. पांढरी रेघ आपली. रेघेला हिरवी किनार असेल तर देखावा चांगला, पण हिरवी किनार पर्यटकांनाही दिसते, हे लक्षात असू द्या. रस्त्यावर काढलेले छोटे बाण चढाची दिशा आणि तीव्रता दाखवतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, आणि तीन बाण दिसले की सामान लादलेल्या सायकलवरून उतरायची मनाची तयारी ठेवायची.

क्रमांकाबाबत एक गंमत आहे. मोठा आकडा म्हणजे छोटा रस्ता, असे ऐकायला मिळते आणि बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण २००६ साली सुमारे १८ हजार किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले गेले आणि त्यांना नवे ‘डी’ क्रमांक मिळाले. जुना एन २० लॉट जिल्ह्यात डी ८२० झाला. ग्रनोबलच्या दक्षिणेकडचा एन ७५ आता डी १०७५ आहे. नाव जिल्ह्याचे, वाहतूक राष्ट्रीय. म्हणून ८०० किंवा ९०० च्या घरातला किंवा चार आकडी ‘डी’ दिसला की आधी त्याची रेघ लाल आहे का ते बघा. आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो. तो बदलला म्हणून रस्ता चुकला असे समजून मागे फिरू नका.

माझी स्वतःची सवय अशी: आधी सगळी वाहतूक ओढणारा ‘कामाला आलेला’ रस्ता शोधायचा आणि मग त्याने बेकार, म्हणजे रिकामा, केलेला रस्ता धरायचा. नदीच्या एका काठाने मोठा रस्ता आणि रेल्वे जात असेल, तर दुसऱ्या काठाने बहुधा पांढरी रेघ असते. डोंगरावरून नवा रुंद रस्ता झाला असेल, तर दरीतला जुना रस्ता मोकळा झालेला असतो. दोन शहरांना जोडणारा सरळ रस्ता एकच असतो. त्याच्या आजूबाजूचे सगळे वाकडे रस्ते आपल्यासाठी मोकळे.

अॅपवर विसंबून चालणार नाही का?

चालेल, पण डोळे मिटून नाही. अॅपला ‘शांत’ म्हटले की ते खुशाल शेतातल्या कच्च्या वाटेवर नेऊन सोडते, आणि बारीक टायरवर ओल्या चिकणमातीत अडकलात तर चाक फिरणेसुद्धा बंद होते. अॅपने दिलेला मार्ग फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेच्या, म्हणजे आयजीएनच्या नकाशावर एकदा ताडून बघा. तो cartes.gouv.fr या सरकारी संकेतस्थळावर (आधीचे जेओपोर्ताय) फुकट बघता येतो. शंका असेल तिथे स्ट्रीट व्ह्यूवर रस्त्याचा पृष्ठभाग पाहा. स्ट्राव्हा या अॅपचा हीटमॅप, म्हणजे सायकलवाले कुठल्या रस्त्यांनी जास्त जातात ते दाखवणारा नकाशा, हाही कामाचा. रविवारी सकाळी स्थानिक क्लबचे आजोबा ज्या रस्त्याने जातात तो रस्ता त्यांनी तीसेक वर्षांच्या अनुभवाने निवडलेला असतो.

शिवाय अनेक जिल्हे आपल्या ‘डी’ रस्त्यांवर दिवसाला सरासरी किती वाहने जातात त्याचा नकाशा जाहीर करतात. ५०० च्या खाली आकडा असेल तर डोळे झाकून जा. ३,००० च्या वर असेल तर मी तरी दुसरी वाट बघतो.

मग कालव्याकाठचे आणि ‘व्हॉय व्हेर्त’ मार्गच का नकोत? तिथे तर मोटारी नसतातच.

लहान मुले सोबत असतील, बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेतली असेल, तर तेच बरे. व्हॉय व्हेर्त म्हणजे मोटारींना बंदी असलेला मार्ग. बहुधा जुन्या रेल्वेच्या जागी किंवा कालव्याच्या काठाने. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा मार्ग १९९७ साली जुन्या लोहमार्गावर झाला. फ्रान्समधला तो पहिला व्हॉय व्हेर्त, आणि अजूनही अगदी गुळगुळीत. द्राक्षमळे, कोर्मातँचा किल्लेवजा वाडा, चढ जवळजवळ नाहीच. क्लुनीच्या पुढे माकोंकडे जाताना १.६ किलोमीटरचा बुआ क्लेर बोगदा लागतो. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद ठेवतात आणि सायकलवाल्यांना वरच्या खिंडीतून जावे लागते. वटवाघळांना प्राधान्य देणारा बोगदा मला मनापासून आवडतो.

‘व्हेलोरूत’ हा वेगळा प्रकार. पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग, थोडा मोटारींविना आणि थोडा साध्या रस्त्याने. लोआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग सगळ्यात प्रसिद्ध. सोय चोख, राजवाडे हाकेच्या अंतरावर, पण जुलैत तिथे एकांत शोधू नका.

कनाल दु मिदीबद्दल मात्र स्पष्टच सांगतो, कारण तो माझ्या घराजवळून जातो आणि सगळ्यांना तोच करायचा असतो. १६८१ साली पूर्ण झालेला, सुमारे २४० किलोमीटरचा, युनेस्कोच्या यादीतला हा कालवा बघण्यासारखा आहे यात वाद नाही. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर डांबरी आहेत. पुढे पृष्ठभाग बदलत जातो आणि बऱ्याच ठिकाणी मातीची वाट, वर आलेली मुळे आणि खड्डे लागतात. फोटोत दिसणारी चिनार जातीच्या झाडांची कमान २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाला बळी पडते आहे. हजारो झाडे तोडली गेली, नवी लावली, पण नव्या रोपांची सावली अजून पडायची आहे. रोड बाइक असेल तर नोरुझच्या जलविभाजकापर्यंत कालव्याने जा आणि तिथून लोराग्वेच्या टेकड्यांमधल्या छोट्या ‘डी’ रस्त्यांवर चढा. वरून कालवा अधिक चांगला दिसतो.

पहिल्यांदाच जातोय. एकच भाग सुचवायचा तर कुठला?

लॉट जिल्हा, आणि त्यातही सेले नदीचे खोरे.

सेले ही लॉट नदीची उपनदी. फिजाक गावावरून वाहत येऊन काँदुशेपाशी ती लॉटला मिळते आणि तिच्या काठाकाठाने डी ४१ जातो. घाईची वाहतूक लॉटच्या खोऱ्यातल्या किंवा वरच्या पठारावरच्या रस्त्यांनी जाते, त्यामुळे डी ४१ वर गावची माणसे आणि उन्हाळ्यात कायाक लादलेल्या गाड्या एवढेच. नदीच्या बाजूने जात असल्याने मोठा चढ नाही, पण रस्ता एकसारखा खालीवर होतो. सँ-सुल्पीस गावात घरे कड्याच्या कपारीखाली बांधलेली आहेत. मागची भिंत म्हणजे डोंगरच, आणि काही घरांवर छपराऐवजी कडा पुढे आलेला. मार्सियाकला पडक्या मठाच्या आवारात सावली आहे आणि तिथे डबा खायला हरकत नाही. पुढे काब्रेरेच्या डोक्यावर पेश मेर्लची गुहा. तिच्यातले ठिपक्यांचे घोडे सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी रंगवलेले आहेत. दिवसाला मोजक्याच लोकांना आत सोडतात, म्हणून तिकीट आधी काढा. गुहेपर्यंतचा चढ छोटा पण खडा आहे.

दिशा कुठली? मी काओरहून सुरू करून सेलेच्या प्रवाहाविरुद्ध फिजाकला जाणे पसंत करतो. पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्थानकावरून काओरला थेट रेल्वे आहे आणि परत निघायला फिजाकहूनही गाडी मिळते. वाटेत सँ-सिर्क-लापोपी लागते. गाव सुंदर, कड्यावर बसलेले आणि माणसांनी ओसंडून वाहणारे. सकाळी ९ च्या आत गेलात तर ते तुमचे, नंतर टूर बसवाल्यांचे.

प्रोव्हान्समध्ये शांत रस्ता शिल्लक आहे का?

आहे. व्हाँतू डोंगराच्या पायथ्याशी नेस्कची दरी बघा. वील-स्युर-ओझों ते सो या गावांमधला डी ९४२ वरचा पंचवीसेक किलोमीटरचा टप्पा कड्याला चिकटून, छोट्या बोगद्यांमधून सावकाश चढत जातो. चढ बहुतेक जागी ४ टक्क्यांच्या आतच. ज्याला सो गाठायची घाई आहे तो आबेय खिंडीवरून जाणाऱ्या डी १ ने जातो, म्हणून दरीतला रस्ता मोकळा. वर सांगितलेल्या ‘बेकार झालेल्या रस्त्या’चे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. दरीत पाणी मिळत नाही, दोन्ही बाटल्या वीलमध्येच भरा. सोच्या पठारावर लॅव्हेंडर जुलैत फुलतो, आणि तेव्हा पठारावर गर्दी असते. दरीत मात्र सकाळी ८ वाजता तुम्ही आणि गिधाडे.

चढ झेपतील का? ‘टेकड्यांचा प्रदेश’ म्हणजे किती चढ?

हे आकड्यांपेक्षा भूगोलाने कळते. तुलूझच्या पश्चिमेचा जेर्स जिल्हा घ्या. लानमझाँच्या पठारावरून साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात. दोन नद्यांमध्ये एकेक लांब डोंगरधार. म्हणजे उत्तर-दक्षिण गेलात तर एकदा धारेवर चढायचे आणि मग वरून तासन् तास जायचे. डावीकडे सूर्यफूल, उजवीकडे गहू आणि हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर पिरेनीज. पूर्व-पश्चिम गेलात तर प्रत्येक धार चढायची, उतरायची, नदी ओलांडायची, की पुन्हा चढायचे. अंतर तेवढेच, पण संध्याकाळी पाय सांगतात की दिशा कुठली होती. जेर्समध्ये एकही घाट नाही, तरी आडवे गेलात तर ७० किलोमीटरमध्ये १,००० मीटर चढ सहज जमा होतो. सिंहगडाच्या सवयीच्या माणसाला यातला एकही चढ मोठा वाटणार नाही. त्रास देतो तो त्यांचा पुन्हा पुन्हा येणारा हिशेब.

अगदी माणूसच दिसू नये असा भाग हवा असेल तर?

लोझेर. मुख्यभूमीवरच्या फ्रान्समधला सगळ्यात कमी लोकवस्तीचा जिल्हा, सगळी मिळून पाऊण लाखाच्या आसपास माणसे. फ्लोराकहून कोस मेजांच्या पठारावर चढा. हजार मीटर उंचीवर गवत, चुनखडीचे दगड, मेंढ्या, आणि व्हिलारेपाशी प्रेझवाल्स्की जातीचे जंगली घोडे. झाड शोधूनही सापडत नाही. चुनखडी सगळे पाणी पिऊन टाकते, त्यामुळे झरा नाही, ओढा नाही. खालून पाणी भरून घ्या आणि दुपारी वादळाचा अंदाज असेल तर वर जाऊच नका. वर आडोसा मिळत नाही. खाली तार्नच्या दरीतला रस्ता फोटोत सुरेख दिसतो, पण ऑगस्टमध्ये तिथे गाड्यांचा खोळंबा असतो. शेजारच्या जोंतच्या दरीत त्या मानाने गर्दी कमी.

कधी जावे?

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नसते. मध्य जुलै ते २० ऑगस्ट अख्खा देश सुट्टीवर असतो. समुद्रकाठ आणि प्रसिद्ध दऱ्या टाळा. आतला ग्रामीण भाग तेव्हाही मोकळाच असतो, फक्त ऊन कडक.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. दुपारी १२ ते २ या वेळेत ग्रामीण फ्रान्स जेवायला बसतो आणि पिवळी रेघसुद्धा पांढरी होते. एखादा टाळता न येणारा मोठा रस्ता तेव्हाच उरका. संध्याकाळी ५ ते ७ मात्र लोक कामावरून घरी परततात, तेव्हा शहराच्या आसपास नसलेले बरे.

वाऱ्याचा अंदाज रोज पाहा. ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल उत्तरेकडून येतो आणि आला की दिवसेंदिवस थांबत नाही. तुलूझच्या बाजूला ओताँ आग्नेयेकडून येतो. लोआरकाठी वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून समुद्राकडून आत यावे. नकाशावर ते उताराविरुद्ध दिसते, पण नदीचा उतार तुम्हाला जाणवणारही नाही. वारा जाणवेल.

वाहतुकीचे कोणते नियम माहीत हवेत?

सगळ्यात महत्त्वाचा आणि आपल्याला सगळ्यात अनोळखी नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा आधी जाण्याचा हक्क. खेड्यात फाट्यावर काहीच खूण नसेल, तर उजवीकडच्या बोळातून येणारा ट्रॅक्टर आधी जाणार, तुम्ही कितीही रुंद रस्त्यावर असा. पिवळी चौकोनी, टोकावर उभी केलेली पाटी दिसली असेल तर हक्क तुमचा. ती काळ्या तिरप्या रेघेने छेदलेली दिसली की हक्क संपला.

ओव्हरटेक करणाऱ्या मोटारीने गावात १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायचे असते, आणि त्यासाठी तिला मधली सलग रेघ ओलांडायची मुभा आहे. बहुतेक चालक हे पाळतात. बऱ्याचदा तर वळणावर तुमच्या मागे मुकाट्याने थांबतात. अशा वेळी पुढचे दिसू लागले की बाजूला सरून हात दाखवावा, ही तिकडची रीत. दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायला परवानगी आहे, पण मागून वाहन आले किंवा अंधार पडला की एकामागे एक. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जॅकेट सक्तीचे. घंटा सक्तीची. कानात इअरफोन चालत नाही. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचे, मोठ्यांना नाही, तरी घालाच. दारू पिऊन वाहन चालवण्याची मर्यादा सायकललाही लागू आहे, हे द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात विसरायला होते.

उजव्या बाजूने चालवायची सवय होते का?

गर्दीच्या रस्त्यावर लगेच होते, कारण बाकीचे आठवण करून देतात. धोका रिकाम्या रस्त्यावर आहे. थांबून फोटो काढला, पाणी प्यायले, पुन्हा सायकलवर बसलो की पाय आपोआप डावीकडे वळतात आणि समोर कुणी नसल्याने कळतही नाही. म्हणून थांबताना नेहमी उजव्या कडेलाच थांबा.

आणि ब्रेक. भारतात पुढच्या चाकाचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये भाड्याच्या सायकलला तो बहुधा डाव्या हाताला मिळेल. दुकानातून निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, आणि नको असेल तर तिथेच बदलून मागा. उतारावर हे शोधायची वेळ येऊ नये.

पाणी आणि खाणे? आम्ही शाकाहारी आहोत.

पाण्याची चिंता नको. जवळपास प्रत्येक गावाच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो आणि सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तरच पिऊ नका. काही गावांत चौकातही नळ असतो.

खाण्याची मात्र चिंता करा. बेकरी सकाळी ७ च्या सुमारास उघडते, दुपारी बंद होते आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेते. बऱ्याचदा सोमवारी. रविवारी दुपारनंतर खेड्यात काहीही उघडे मिळत नाही. हॉटेलात जेवण १२ ते दीड. २ वाजता गेलात तर स्वयंपाकघर बंद, आणि विनवण्यांचा उपयोग होत नाही. म्हणून सकाळी पहिल्या उघड्या बेकरीतच दुपारचीही सोय करून ठेवायची.

शाकाहाराबद्दल खेड्यात अजून गोंधळ आहे. सॅलडमध्ये ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, न सांगता येतात. नैऋत्येत बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. जमण्यासारखे पदार्थ असे: गरम शेळीच्या चीजचे सॅलड, अंडे चालत असेल तर ऑम्लेट, ब्रिटनीत हॅम वगळून मागवलेली गालेत (कुट्टूच्या पिठाचे धिरडे), आणि ओब्राकच्या पठारावर अलिगो. अलिगो म्हणजे बटाट्याचा लगदा ताज्या चीजमध्ये घोटून घोटून असा केलेला की पळीने उचलला तर हातभर तार निघते. सोबत सॉसेज येते, ते नको म्हणून आधीच सांगा. चीज करताना पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातले रेनेट वापरतात, हे ज्यांना चालत नाही त्यांनी वेष्टन वाचावे. ‘त्रादिसियों’ बगेत मात्र निर्धास्त खा. नियमानेच त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण हेच मुख्य असते, आणि टिकवण्यासाठी काही घालता येत नाही. त्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी भरून खाल्लीत तर दिवस निघतो. घरून निघताना तूप, पेढे, बर्फी मात्र घेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

दुकानात शिरताच ‘बोंजूर’ म्हणा. त्याआधी थेट प्रश्न विचारलात तर पुढचे सगळे संभाषण थंड होते. बाकी फ्रेंच नसले तरी चालून जाते.

मुक्काम कुठे?

तंबू असेल तर कम्यूनचे सरकारी कॅम्पिंग. स्वस्त, स्वच्छ, बहुधा नदीकाठी. अनेक ठिकाणी फक्त उन्हाळ्यात उघडे. तंबू नसेल तर ‘शाँब्र दोत’, म्हणजे घरगुती खोली आणि नाश्ता. ल प्युईहून निघणाऱ्या सँ-जाकच्या यात्रामार्गावर, म्हणजे ओब्राक, काँक, फिजाक, मुआसाक या पट्ट्यात, पदयात्रींसाठी ‘जीत देताप’ आहेत. तिथे सायकलवाल्यांनाही घेतात, रात्री एकाच टेबलावर जेवण असते आणि शाकाहारी आहोत हे आदल्या दिवशी कळवले तर सोय होते. ‘आकय व्हेलो’ ही पाटी असलेल्या ठिकाणी सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात.

सायकल भारतातून न्यावी का?

दोन आठवड्यांहून अधिक राहणार असाल तर न्या, नाहीतर भाड्याने घ्या. टायर २८ ते ३५ मिलिमीटरचे असावेत. ट्यूब आणि स्पोक सोबत ठेवा, खेड्यात सायकलचे दुकान नसते. प्रादेशिक रेल्वेत सायकल बहुधा फुकट जाते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर आरक्षण लागते. लांबच्या गाड्यांत जागा मोजक्या आणि आधी राखून ठेवाव्या लागतात. तिकीट काढण्याआधी सायकलची जागा बघा, मग तारीख ठरवा. व्हिसा साधा शेंगेनचा, आणि त्यासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच.

कुत्रे, शिकारी, इतर धोके?

शेतावरचे कुत्रे भुंकतात आणि हद्द संपली की परत फिरतात. वरच्या कुरणांत मेंढ्या राखणारे पांढरे पातू वेगळे. कळप दिसला की उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, न ओरडता दुरून वळसा घाला. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. ‘शास आँ कूर’ अशी पाटी दिसली की भडक रंगाचे कपडे घाला आणि जंगलातल्या रस्त्यावर रेंगाळू नका.

माझ्या मते खरा धोका ‘ग्राव्हीयों’चा. उन्हाळ्यात छोट्या ‘डी’ रस्त्यांवर डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचे काम मोटारींवर सोडून देतात. काही दिवस ती खडी वळणांच्या बाहेरच्या कडेला साचून राहते. पाटी दिसली की वळणाआधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक नको, आणि चाकांनी दाबलेल्या पट्ट्यातूनच जा.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाणार आहे. त्याला जोडून काय करता येईल?

पुणे, मुंबई, नाशिककडच्या बीआरएम, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या, करणाऱ्यांचा हा हमखास प्रश्न. १,२०० किलोमीटर ९० तासांत, दर चार वर्षांनी, पुढची फेरी २०२७ मध्ये. तो मार्गही बहुतांश ‘डी’ रस्त्यांचाच आहे. गावोगावी लोक रात्री टेबल मांडून कॉफी देतात, पण तुम्हाला ते बघायला सवड नसते. संपल्यावर आठवडाभर विश्रांती म्हणून नाँत ते ब्रेस्ट कालव्याचा काठ धरा. चढ नाही, झोप भरपूर. लगेच जेर्समध्ये येऊन धारा आडव्या चढायचा बेत मात्र करू नका.

‘रूत बारे’, म्हणजे रस्ता बंद अशी पाटी लागली तर?

लगेच फिरू नका. काम नेमके कुठे आणि कसले चालले आहे ते बघा. डांबरीकरण असेल तर कामगारांना बोंजूर म्हणून विचारा. सायकल हातात धरून कडेने जाऊ देतात. पूल काढला असेल किंवा दरड आली असेल तर नाही म्हणतात, आणि तेव्हा वाद घालायचा नाही. मग ‘देव्हियासियों’च्या पिवळ्या पाट्या दिसतील. त्यांच्या मागे जाऊ नका. तो वळसा मोटारींसाठी आखलेला असतो आणि जो मोठा रस्ता टाळायला तुम्ही इथवर आलात, त्यावरच नेऊन सोडतो. नकाशा उघडा आणि दुसरी पांढरी रेघ शोधा.